मोफत विधी सेवा घेतल्यावर: पोलिसांनी आवरताना गेलेल्या भाच्याच्या प्रकरणातला आमचा अनुभव

मराठवाड्यातल्या आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तेथून विनाशुल्क वकील मिळतो, एवढी माहिती मला शिक्षकाच्या नोकरीत असताना भिंतीवरच्या फलकांवरून होती. त्या सेवेची पायरी कधी चढावी लागेल, असे मात्र वाटले नव्हते. गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, माझ्या धाकट्या बहिणीचा चौतीस वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गाडीत गेला आणि रात्री आम्हाला त्याचे प्रेतच दिसले. त्यानंतरच्या महिन्यांत ही सेवा आम्ही जशी अनुभवली तशी येथे लिहितो आहे. असा प्रसंग ज्या घरावर येतो तेथे शांतपणे विचार करण्याच्या स्थितीत कोणीच नसते, म्हणून हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. ठाण्याचे, तालुक्याचे किंवा कोणा अधिकाऱ्याचे नाव मी घेणार नाही, कारण प्रकरण अजून न्यायालयापुढे आहे.

घटना थोडक्यात सांगतो. भाच्यावर मानसिक आजाराचे उपचार चालू होते आणि गोळ्या चुकल्या की तो बिथरत असे. त्या संध्याकाळी बसस्थानकाजवळच्या बाजारात तो मोठमोठ्याने ओरडू लागला, एका दुकानाची पाटी त्याने ओढली, आणि दुकानदाराने पोलिसांना बोलावले. चौघांनी मिळून त्याला पालथा पाडला, त्याच्याच गमजाने हात पाठीमागे बांधले, आणि तो हलायचा थांबेपर्यंत एकाने पाठीवर गुडघा ठेवला. नंतर त्याला उचलून तशाच पालथ्या अवस्थेत गाडीच्या मागच्या भागात, दोन बाकांमधल्या जागेत टाकले. बाजारापासून ठाणे पाच मिनिटांवर आहे. ठाण्याच्या नोंदीप्रमाणे गाडी तेथे पोहोचली ती वीस मिनिटांनी, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या कागदावर ‘दाखल करण्यापूर्वी मृत’ असा शेरा आहे.

बहिणीने प्रेत पाहिले तेव्हा ती मला म्हणाली, “दादा, लेकराच्या अंगावर तं खूण बी नाही, मंग मेलं कशानं?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात सेवेचा उपयोग कितपत झाला, हाच या परीक्षणाचा विषय आहे.

प्रथम उणिवा सांगतो, कारण आमच्या वाट्याला त्या आधी आल्या. घटना शनिवारी रात्रीची आणि कार्यालय उघडले सोमवारी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे, हे आम्हाला तेथेच भिंतीवर वाचून कळले. ठाण्याच्या दर्शनी भागात हा क्रमांक मोठ्या अक्षरांत असता तर रविवारचा दिवस वाया गेला नसता. कार्यालयात आम्हाला आधी लोकअभिरक्षकांच्या खोलीकडे पाठवण्यात आले. तेथील वकील आरोपींची बाजू मांडण्यासाठी नेमलेले असतात, मृताच्या नातेवाइकांना पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, वकील मागावा लागतो, आणि हा फरक अर्जखिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही ठाऊक नव्हता. मग बहिणीकडे उत्पन्नाचा दाखला मागितला गेला. कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता ही सेवा मिळते. ते कलम मी छापील पुस्तकातून दाखवल्यावर दाखल्याचा आग्रह सुटला, पण तहसीलच्या दोन फेऱ्या त्याआधीच झाल्या होत्या. नेमणुकीचे पहिले पत्र ज्यांच्या नावाने निघाले त्या वकिलांनी प्रकरण पोलिसांविरुद्ध आहे हे समजताच प्रकृतीचे कारण सांगून कागद परत केले. दुसरी नेमणूक होईपर्यंत एकूण सहा दिवस गेले. कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणात पहिले सहा दिवस म्हणजे निम्मा पुरावा असतो, आणि तो उशीर मी या सेवेला माफ करू शकत नाही.

सहाव्या दिवशी ज्या वकीलताई मिळाल्या त्यांच्यामुळे मात्र माझे मत पुष्कळ बदलले. त्यांचे वय तिशीच्या आतबाहेरचे असेल. त्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि मी पुन्हा पुन्हा “त्यांनी मारलं” असे म्हणत असताना मला थांबवून म्हणाल्या, “मामा, मारलं का ते मागाहून पाहू. धरल्यापासून दवाखान्यात नेईपर्यंत तो कुणाच्या हवाली होता आणि कोणत्या मिनिटाला कशा अवस्थेत होता, तेवढं आधी लिहून द्या.” पुढच्या सगळ्या कामाची दिशा या एका वाक्याने ठरली. आम्ही जखमा शोधत होतो आणि पोलीस जखमा नसल्याचे सांगत होते. पालथ्या पडलेल्या, हात मागे बांधलेल्या माणसाच्या पाठीवर भार असेल तर छाती आणि पोट यांना हलायला जागा राहत नाही, धडपडीमुळे शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते, आणि अशा स्थितीत वरून फारशी खूण न उमटताही श्वास कोंडून मृत्यू येऊ शकतो, हे त्यांनी आम्हाला न्यायवैद्यकाच्या पुस्तकातून वाचून दाखवले. अमेरिकेत मिनियापोलिस येथे २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर ९ मिनिटांहून अधिक काळ गुडघा ठेवला गेला, त्या प्रकरणाने ही गोष्ट जगभर पोहोचली आणि तेथील पोलीस अधिकाऱ्याला २०२१ मध्ये खुनासाठी दोषी ठरवण्यात आले. आमच्या बसस्थानकावर या कारणाने माणूस मरू शकतो, हे मात्र आमच्या ध्यानातही आले नव्हते.

पोलिसांचा पहिला बचाव असा होता की, भाच्याला अटकच केलेली नव्हती, त्यामुळे हा कोठडीतील मृत्यू होत नाही. ठाण्यात फक्त आकस्मिक मृत्यूची नोंद झाली होती, ज्याला बोलीत ‘एडी’ म्हणतात. ताईंनी या बचावाचे उत्तर दोन बाजूंनी दिले. ताबा सुरू व्हायला अटकेचा पंचनामा किंवा कुलूपबंद खोली लागत नाही. माणूस पोलिसांच्या नियंत्रणाखाली आला की तो ताब्यात आला, असे सर्वोच्च न्यायालयाने निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर खरोटे या १९८० च्या निकालात, जामिनाच्या संदर्भात का होईना, स्पष्ट केले आहे. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०० सांगते की, मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका करू शकणारी व्यक्ती आढळली तर पोलिसांनी तिला संरक्षणात घ्यावे, लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे, आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवू नये. म्हणजे अटक नव्हती हे पोलिसांचे म्हणणे खरे मानले, तर ते ‘संरक्षण’ होते, आणि संरक्षणात घेतलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी आरोपीच्या जिवाहून कमी असू शकत नाही. ग्रामीण रुग्णालय बाजारापासून ठाण्याच्याही अलीकडे आहे, हा तपशील ताईंनी अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात घातला.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यामुळे कलमांचे आकडे बदलले आहेत, आणि जुन्या आकड्यांवर वाढलेल्या माझ्यासारख्याचा त्यात गोंधळ होतो, म्हणून आमच्या उपयोगी पडलेली कलमे येथे नोंदवतो. संहितेचे कलम ४३ पोलिसांना प्रतिकार मोडून काढण्यासाठी आवश्यक ती साधने वापरू देते, पण मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या व्यक्तीचा जीव घेण्याचा अधिकार देत नाही. कलम ४६ प्रमाणे पळून जाण्यास प्रतिबंध करण्यापुरताच निर्बंध घालता येतो. कलम ५६ प्रमाणे आरोपी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या आरोग्याची व सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे हे कर्तव्य आहे. या तिन्ही कलमांतून प्रश्नांची एक साखळी उभी राहते आणि ती ताईंनी फार नेमकेपणाने मांडली: पाडणे कदाचित आवश्यक असेल, हात बांधणेही एकवेळ मान्य करू, पण हात बांधून झाल्यावर पाठीवरचा गुडघा कशासाठी होता, आणि तो निपचित पडल्यावर त्याला कुशीवर वळवून श्वास का पाहिला गेला नाही? बळाच्या वापराला कायद्याने दिलेले कारण संपते त्या क्षणापासून पुढचा प्रत्येक क्षण वापरणाऱ्याच्या जबाबदारीचा असतो, हे मला त्या मांडणीतून कळले.

चौकशीचा भाग सेवेने चांगला हाताळला. कलम १९६ प्रमाणे पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला तर पोलीस तपासाखेरीज दंडाधिकाऱ्यांचीही स्वतंत्र चौकशी व्हावी लागते आणि शक्य असेल तेथे आई-वडील, मुले, भावंडे, पती किंवा पत्नी यांना कळवून हजर राहू द्यावे लागते. ही स्वतंत्र चौकशी २००५ च्या दुरुस्तीने जुन्या संहितेत आली, त्यापूर्वीची कुटुंबे या हक्कालाही मुकली होती. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात डॉक्टरांच्या पथकाने चित्रीकरणासह केले. असे चित्रीकरण व्हावे असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्येच राज्यांना कळवले होते, आणि कोठडीतील मृत्यूची माहिती २४ तासांत आयोगाला देण्याची सूचना तर डिसेंबर १९९३ ची आहे. शवविच्छेदन झाले तेव्हा आम्हाला वकील मिळाला नव्हता, त्यामुळे डॉक्टरांना घटनेची हकीकत म्हणून फक्त पोलिसांचा कागद मिळाला होता. ताईंनी आल्याबरोबर दंडाधिकाऱ्यांमार्फत साक्षीदारांचे म्हणणे आणि एका फळविक्रेत्याच्या मुलाने मोबाइलवर केलेले सव्वा मिनिटाचे चित्रीकरण डॉक्टरांकडे पाठवण्याची मागणी केली, आणि व्हिसेरा (तपासणीसाठी काढून ठेवलेले आतले अवयव) व ऊतींचे अहवाल येईपर्यंत राखून ठेवलेले अंतिम मत देताना डॉक्टरांनी ते विचारात घेतले. ते मत अकरा आठवड्यांनी आले: पाठीवरील दाब व शरीराची स्थिती यामुळे श्वासावरोध, सोबत आधीपासून वाढलेले हृदय.

मोबाइलच्या चित्रीकरणाबाबत एक गोष्ट कुटुंबांनी आवर्जून लक्षात ठेवावी. आमच्या मंडळींनी ते शंभर जणांना पुढे पाठवले आणि मूळ फोन त्या मुलाने जवळजवळ विकलाच होता. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात टिकवणे अवघड जाते. ताईंनी त्याच दिवशी मुलाच्या वडिलांना समजावून फोन मोहोरबंद करून घेतला आणि प्रमाणपत्र करवले. शंभर जणांकडच्या प्रतींपेक्षा तो एक जुना फोन मोलाचा ठरला.

सीसीटीव्हीच्या बाबतीत नशीब तेवढे चांगले नव्हते. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, आवाजासह, सर्व मोक्याच्या जागी कॅमेरे असावेत आणि चित्रीकरण १८ महिने, साधनांची क्षमता नसेल तर किमान १ वर्ष, जपावे असा आदेश दिला आहे. आमच्या अर्जाला उत्तर आले की, प्रवेशद्वाराचा कॅमेरा त्या दिवशी बंद होता. ताईंनी यावर वाद घालण्याऐवजी दुसरा अर्ज टाकला: कॅमेरा बंद असल्याची नोंद कोणी, कधी केली आणि दुरुस्तीसाठी कोणाला कळवले, कारण त्याच निकालाने ही जबाबदारी ठाणे प्रभारीवर टाकली आहे. तशी कोणतीही नोंद आजवर मिळालेली नाही. जी गोष्ट फक्त पोलिसांनाच ठाऊक असू शकते तिचा खुलासा त्यांनीच करावा, हे तत्त्व साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये आहे. कोठडीतील इजा पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, अशी तरतूद करण्याची शिफारस विधी आयोगाने १९८५ च्या ११३ व्या अहवालात केली होती. ती आजही कायद्यात आलेली नाही, आणि छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही करूनही आपल्या देशाने त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. या दोन गोष्टी झाल्या असत्या तर बहिणीसारख्या बाईला कागद गोळा करत वणवण करावी लागली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवायचा, यावर मात्र बरीच ओढाताण झाली, आणि येथे सेवेची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसल्या. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३ खुनाचे, कलम १०५ खून नसलेल्या सदोष मनुष्यवधाचे आणि कलम १०६ निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे आहे. कबुली काढण्यासाठी केलेल्या मारहाणीला कलम १२० आहे, पण आमच्या प्रकरणात कबुलीचा प्रश्नच नव्हता. पोलिसांचे म्हणणे होते की, हृदय वाढलेले होते म्हणून तो गेला. त्याला याच न्याय संहितेच्या कलम १०० च्या पहिल्या स्पष्टीकरणात सरळ उत्तर आहे: आजारी किंवा दुर्बल माणसाला इजा करून ज्याने त्याचा मृत्यू लवकर ओढवला, त्याने मृत्यू घडवला असेच मानले जाते. दुसरा बचाव सद्भावाचा. सरकारी नोकराने न्यायाच्या कामासाठी सद्भावनेने आणि वैर नसताना अधिकाराची मर्यादा ओलांडली व त्यातून मृत्यू झाला, तर तो खून ठरत नाही, असा अपवाद कलम १०१ मध्ये आहे. म्हणजे तो अपवाद लागू झाला तरी सदोष मनुष्यवध शिल्लक राहतोच, ही बाब आमच्यापैकी कोणालाच सुचली नसती. ताईंचा आग्रह कलम १०५ चा होता, कारण चित्रीकरणात भाचा दोनदा “दम कोंडतोय” असे म्हणताना ऐकू येतो आणि ते ऐकूनही भार उचलला गेला नाही, तेव्हा परिणामाची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. त्यांनी उरलेल्या तिघांनाही सोडले नाही, कारण सामाईक उद्देशाचे कलम ३ आहे, आणि गाडीत बसून त्याच्याकडे नुसते पाहत राहिलेल्यांवरही काळजीचे कर्तव्य होतेच.

गुन्हा नोंदवून घेण्यासाठी अधीक्षकांकडे लेखी तक्रार, मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, असा मार्ग आहे. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ मध्ये लोकसेवकाविरुद्धची तक्रार असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवून आणि त्या लोकसेवकाचे म्हणणे विचारात घेऊन मगच तपासाचा आदेश देण्याची वाट घालून दिली आहे, आणि त्यात आमचे दोन महिने गेले. शेवटी परभणी प्रकरणाचा आधार मिळाला. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या घटनांमध्ये अटक झालेले, कायद्याचे शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल आल्यानंतर पुढे काय करायचे हे कलम १९६ सांगत नाही. ती पोकळी आमच्याच प्रदेशातल्या एका आईच्या, सूर्यवंशी यांच्या आईच्या, लढ्यामुळे चर्चेत आली, याची जाणीव मला वारंवार होत राहिली. आमच्या प्रकरणात गुन्हा नोंदला गेला, मात्र तो कलम १०६ खाली, आणि तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे. कलम १०५ साठी खंडपीठात याचिका आहे.

खटला चालवण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी हा यापुढचा टप्पा असेल. मारून कबुली काढणे हे कर्तव्याचा भाग नाही असे ठामपणे म्हणता येते, पण बेभान माणसाला आवरणे हे पोलिसांचे कामच आहे, त्यामुळे आमच्यासारख्या प्रकरणात परवानगीचा मुद्दा अधिक जोराने पुढे येतो, असे ताईंनी आधीच सांगून ठेवले आहे. याची किंमत परभणीने पूर्वीही मोजली आहे. जानेवारी २००३ मध्ये मुंबई पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झालेला परभणीचा अभियंता ख्वाजा युनूस याच्या प्रकरणात १४ पोलिसांवर ठपका असताना सरकारने परवानगी दिली ती फक्त ४ जणांपुरती. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे मानले जाईल, ही सुधारणा आहे आणि तिचा हिशेब कुटुंबाने स्वतःच्या वहीत ठेवायला हवा.

नुकसानभरपाईबाबत सुरुवातीला बहिणीने “लेकराचे पैसे नको” म्हणून अर्जावर सही करायला नकार दिला. ताईंनी तिला घाई केली नाही. ओडिशातील नीलाबती बेहेरा यांच्या मुलाचा मृतदेह १९८७ मध्ये रेल्वेमार्गावर सापडला होता. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, आणि १९९३ मध्ये न्यायालयाने राज्याला १,५०,००० रुपये द्यायला लावताना सांगितले की, मूलभूत हक्काच्या भंगासाठी राज्याला सार्वभौम सत्तेच्या आडोशाला लपता येणार नाही. ती हकीकत बहिणीने शांतपणे ऐकली, मग विचारले, “म्हंजे पैसे दिले तं सरकारनं चूक कबूल केल्यासारखं व्हतंय का?” ताई म्हणाल्या, “कबूल करायला लावल्यासारखं होतं.” तेव्हा सही झाली. फौजदारी खटल्यात एकेका माणसाचा दोष संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. राज्याची जबाबदारी त्यावर अडून राहत नाही, आणि चौघांपैकी कोणाचा गुडघा किती वेळ होता हे ठरले नाही तरी राज्य उत्तरदायी राहते. हा फरक जितका स्पष्ट आम्हाला विनाशुल्क वकिलाने समजावला तितका पूर्वी पैसे देऊन घेतलेल्या सल्ल्यातही कोणी समजावला नव्हता.

सेवेच्या मोलाबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. वकिलाची फी नव्हती, पण नकला, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रे आणि प्रवास यांचा खर्च आमच्याकडून झाला, आणि खंडपीठाच्या वेळी तेथील विधी सेवा उपसमितीकडे नव्याने अर्ज करून नवा वकील घ्यावा लागला. जिल्ह्यातल्या ताईंना छत्रपती संभाजीनगरला जाऊन काम पाहण्याची सोय या योजनेत नाही. त्यांनी स्वतःच्या खर्चाने दोनदा येऊन नव्या वकिलांना कागद समजावून दिले. एवढ्या गुंतागुंतीच्या प्रकरणाला जी मानधनाची रक्कम पॅनेलच्या वकिलाला मिळते ती पाहता, चांगला वकील मिळणे हे आज तरी योगायोगावर सोडलेले आहे असे मला म्हणावे लागते. पाचपैकी गुण द्यायचे तर वकिलाला पूर्ण पाच आणि आमच्या जिल्ह्यातल्या कार्यालयाला दोन. तरीही अशा प्रसंगात खाजगी वकील शोधत आठवडा घालवण्यापेक्षा पहिल्याच दिवशी १५१०० वर फोन करून आणि आई किंवा पत्नी यांच्या नावाने लेखी अर्ज देऊन हीच सेवा मागावी, असाच सल्ला मी देईन. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी, आणि त्याच अर्जात शवविच्छेदनाच्या वेळी नातेवाइकांची हजेरी, सीसीटीव्ही जपून ठेवणे आणि ठाण्याच्या डायरीतील त्या दिवसाच्या नोंदी यांची मागणी करावी, वकील नेमला जाण्याची वाट पाहू नये.

डी. के. बसू प्रकरणात १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेच्या वेळी पाळायचे ११ नियम घालून दिले. त्यांत नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणे आणि अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद आहे. आमच्या भाच्याच्या बाबतीत त्यांपैकी एकही कागद तयार झाला नव्हता, आणि अटकच नव्हती तर कागद कशाचा, असे त्यावर उत्तर मिळाले. म्हणून आता सगळा भर गाडीच्या लॉगबुकवर आहे. बाजार ते ठाणे हे पाच मिनिटांचे अंतर वीस मिनिटांत का कापले गेले, गाडी मध्ये कोठे थांबली आणि त्या वेळी मागच्या बाकांवर कोण बसले होते, हे त्या पानावरून कळू शकेल. गेल्या तारखेला ताईंनी ते पान हजर करण्याचा तिसरा अर्ज दिला. त्यावर म्हणणे मांडण्यासाठी सरकारी पक्षाला चार आठवड्यांची मुदत मिळाली आहे, आणि ती पोळ्याच्या आधी संपते.